बेदरकार मोटारचालक आणि मागील गुन्ह्याची नोंद

शेतीच्या मासिकात मोटारी हाकणारांच्या खटल्यांविषयी लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. भाताचे बियाणे, खारबंदिस्ती, खतांचे भाव हे विषय टाकून आम्ही फौजदारी न्यायालयाच्या ओट्यावर का जाऊन बसलो, असे ते विचारतील. त्यांस आमचे सांगणे असे की, पेण तालुक्यात गडब, आमटेम, कासू या बाजूस ज्यांची खाचरे आहेत त्यांनी लावणीच्या दिवसांत आपण महामार्ग किती वेळा ओलांडतो, हे एकदा मोजून पाहावे. घर रस्त्याच्या एका अंगास, जमीन दुसऱ्या अंगास. सकाळी बैल न्यावयाचे, दुपारी बायामाणसांनी भाकरी न्यावयाची, संध्याकाळी परतावयाचे, आणि कापणीनंतर पेंढ्याचे भारे डोक्यावर घेऊन पुन्हा तीच वाट. ज्याचे शेत रस्त्याने दुभागले त्याच्या शेतीखर्चात एक जीवघेणी बाब वाढली आहे, आणि ती कोणत्याही पीकखर्चाच्या तक्त्यात धरलेली नसते.

मुंबई-गोवा महामार्गाचा जुना क्रमांक १७. २०१० सालच्या फेररचनेत तो ६६ झाला. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा तुकडा चौपदरी करण्याचे काम २०११ साली हाती घेतले गेले, आणि त्याची वाटणी नेमकी आपल्या कासूवर झाली: पळस्पे ते कासू हा एक भाग, कासू ते इंदापूर हा दुसरा. काम दहा वर्षांहून अधिक रखडले. खड्डे, वळणरस्ते, अर्धवट पूल यांविषयी वृत्तपत्रांत पुष्कळ लिहिले गेले, उच्च न्यायालयापर्यंत लोकहिताचा अर्ज गेला. त्यात आम्हांस नव्याने भर घालावयाची नाही. मात्र त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. खड्ड्याच्या रस्त्यावर गाडी निदान हळू चालते. रस्ता गुळगुळीत झाला की तीच गाडी सुसाट सुटते. केंद्र सरकारच्या वार्षिक अहवालाप्रमाणे २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी शेकडा ७१ च्या वर मृत्यू अतिवेगाच्या सदरात नोंदलेले आहेत. एकट्या महाराष्ट्राचा वाटा पंधरा हजारांच्या वर होता. रस्ता सुधारला की अपघात आपोआप थांबतील, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हा हिशेब ध्यानी घ्यावा.

अपघात करणारास शिक्षा फारच सौम्य होते, ही तक्रार चावडीपासून एस. टी. च्या थांब्यापर्यंत सर्वत्र ऐकू येते. पुण्यात कल्याणीनगर भागात १९ मे २०२४ च्या पहाटे एका अल्पवयीन मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, आणि बाल न्याय मंडळाने जामिनाच्या अटींत रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याचीही एक अट घातली, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात जो संताप उसळला तो वाचकांच्या स्मरणात असेल. ती अट जामिनाची होती, शिक्षा नव्हती, हे खरे. परंतु लोकांनी तिला शिक्षाच समजून घेतले, कारण अशा गुन्ह्यांत शिक्षा साधारण तेवढीच होते, अशी त्यांची आधीपासून खात्री झालेली होती.

आम्ही कायद्याचे पंडित नव्हे. आमचे आयुष्य महसुली कारकुनीत, म्हणजे दुसऱ्यांच्या जमिनींच्या नोंदी करण्यात गेले. त्यामुळे या प्रश्नाकडे आम्ही कारकुनाच्याच नजरेने पाहतो, आणि त्या नजरेस जे दिसते ते असे: न्यायाधीश दयाळू असतात म्हणून बेदरकार चालक सुटतो, हे अर्धेच कारण आहे. उरलेले अर्धे असे की, दुसऱ्यांदा गुन्हा करणारा मनुष्य न्यायालयासमोर बहुधा पहिलटकर म्हणूनच उभा राहतो. त्याचा पहिला गुन्हा कोठेतरी एखाद्या दप्तरात पडलेला असतो. तो उचलून दुसऱ्या खटल्याच्या कागदांत आणून ठेवणारा कोणी नसतो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. १८६० सालच्या दंड संहितेच्या २७९ व्या कलमात सार्वजनिक रस्त्यावर अविचाराने व हयगयीने वाहन हाकणारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला होता. त्या काळी रस्त्यावर बैलगाड्या आणि घोडागाड्या होत्या, आणि हजार रुपयांत काय काय येत असे, हे जुने जमाखर्च चाळलेल्या माणसास सांगावयास नको. १ जुलै २०२४ पासून जुनी संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २८१ व्या कलमात हाच अपराध आहे, आणि दंडाची मर्यादा अजून हजार रुपयेच आहे! एकशे चौसष्ट वर्षांत जमिनीचा सारा बदलला, नाणी बदलली, राज्य बदलले. हा आकडा तेवढा जागचा हलला नाही.

हयगयीने मृत्यू घडविणारास जुन्या संहितेत, १८७० साली घातलेल्या ३०४-अ कलमाने, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड अथवा दोन्ही होत असत. नव्या संहितेच्या १०६ व्या कलमाने ही मर्यादा पाच वर्षांवर नेली आहे. मर्यादा वाढली हे चांगले झाले. पण किमान शिक्षा नाही, आणि याच माणसाने पूर्वीही कोणास असेच चिरडले असेल तर काय, याविषयी ते कलम एक शब्द बोलत नाही. आता याच्याशेजारी चोरीचे ३०३ वे कलम ठेवून पाहावे. पाच हजार रुपयांहून कमी किमतीची वस्तू चोरणारा पहिल्यांदा सापडला आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्यास समाजसेवेची शिक्षा. परंतु तोच दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान एक वर्ष सक्तमजुरी, आणि वर पाच वर्षांपर्यंत. म्हणजे खुराड्यातील कोंबडी दोनदा उचलणारास वर्षभर तुरुंग चुकत नाही. आणि दोन वेगवेगळ्या वर्षी दोन माणसे चाकाखाली घेणारास कायद्याने ठरविलेली किमान शिक्षा दुसऱ्या वेळीही शून्यच. जुन्या संहितेतही ७५ वे कलम दुसऱ्यांदा अपराध करणारास जबर शिक्षा सांगत असे, पण ते खोट्या नाण्यांच्या व मालमत्तेच्या गुन्ह्यांपुरते. मालाची काळजी कायद्याने पूर्वीपासून अधिक वाहिली आहे, असे म्हणावे लागते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की कायदाच लंगडा आहे, तेव्हा बोलणे खुंटले. तसे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा स्वतंत्र कायदा आहे, आणि त्यात दुसऱ्या अपराधाची मोजणी आहे. त्याच्या १८४ व्या कलमाप्रमाणे धोकादायक रीतीने गाडी हाकणारास, २०१९ सालच्या दुरुस्तीनंतर, पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद किंवा एक ते पाच हजार रुपये दंड अथवा दोन्ही. आणि पहिल्या अपराधापासून तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच अपराध घडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड अथवा दोन्ही. मद्य पिऊन हाकणाराची मोजणी १८५ व्या कलमात अशीच आहे: पहिल्या वेळी दहा हजार, दुसऱ्या वेळी पंधरा हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद अथवा दोन्ही. याहून महत्त्वाचे कलम १९ वे. पोलिसांनी जप्त करून पाठविलेल्या परवान्यावर परवाना अधिकारी सुनावणी घेऊन पहिल्या अपराधास तीन महिने चालकास अपात्र ठरवू शकतो, आणि दुसऱ्या अपराधास परवानाच रद्द करू शकतो. रद्द झालेल्या परवानाधारकांची नावे जाहीर करण्याचीही तरतूद आहे. शिवाय २० व्या कलमाने न्यायालयासही, ज्या गुन्ह्यात मोटार वापरली गेली त्या कोणत्याही गुन्ह्यात, चालकास अपात्र ठरविण्याचा अधिकार आहे. हत्यार आहे, धारही आहे. ते म्यानातून का निघत नाही?

याचे कारण समजण्यासाठी एक खटला आरंभापासून कल्पून पाहावा. समजा, एका मालमोटारीच्या चालकाने वडखळजवळ एका सायकलस्वारास ठोकरले, पाय मोडला. गुन्हा नोंदला गेला, चालक जामिनावर सुटला, खटला तारखांवर चालू राहिला. दोन वर्षांनी हाच मनुष्य नागोठण्याच्या पुढे, किंवा पार दुसऱ्या जिल्ह्यात, एका म्हाताऱ्यास उडवितो. आता दुसऱ्या खटल्यात त्याचा मागील अपराध मोजावयाचा तर तो दोषारोपात नमूद करून पुराव्याने सिद्ध करावा लागतो. पण पहिला खटला तर अजून निकाली निघालेलाच नाही! शिक्षा झालेली नाही, तेव्हा सिद्ध काय करणार? आणि निघाला असला, तरी तो दुसऱ्या ठाण्याच्या, दुसऱ्या न्यायालयाच्या दप्तरात. तपास करणाऱ्या अंमलदारास तो शोधावयाचे सुचले तर सुचले. न्यायासनासमोर शेवटी चालकाचा वकील उभा राहून सांगतो की हा गरीब मनुष्य आहे, घरी लहान मुले आहेत, आणि हा त्याचा पहिलाच अपराध आहे. सरकारपक्ष त्यास उत्तर देत नाही, कारण उत्तर त्याच्या कागदांत नसते. अशा वेळी न्यायाधीशाने दया दाखविली तर त्यास दोष कसा द्यावा? त्याच्यासमोर आलेला मनुष्य कागदोपत्री खरोखरच पहिलटकर असतो.

आमच्या कचेरीत असे चालले असते तर हाहाकार झाला असता. जमीन गहाण पडली की सहा नंबरास, म्हणजे फेरफाराच्या वहीत, नोंद होते. मंजूर झाली की सात-बाराच्या इतर हक्कांत बोजा चढतो. आणि मालकाने ती जमीन लपूनछपून दुसऱ्यास विकावयाची म्हटली तरी तो बोजा जमिनीच्या पाठीवरच बसून नव्या मालकाच्या घरी जातो. पेणचा सोसायटीचा बोजा रोह्याच्या सावकारास दिसतो. कोणा कारकुनाची स्मरणशक्ती चांगली म्हणून हे घडत नाही. नोंद जमिनीच्या अंकासच चिकटवावयाची, हा नियम आहे म्हणून घडते. मोटारचालकाचा परवाना हा त्याचा सात-बारा समजला, तर त्यातील इतर हक्कांचा रकाना बहुधा कोराच राहतो. अपात्रतेचा हुकूम झाला की परवान्यावर शेरा मारावा, ही योजना अधिनियमात आहेच; पण हुकूमच विरळा, तर शेरा कोठून येणार?

आणखी एक गोम आहे, आणि ती नवीन आहे. हल्ली रस्त्यावर कॅमेरे आहेत. वेगमर्यादा मोडली की यंत्र आपोआप चलन फाडते. लोकांस वाटते, आता सुटका नाही. परंतु ते चलन गाडीच्या क्रमांकावर फाटते, आणि परवाना असतो माणसाच्या नावावर. दहा गाड्यांच्या मालकाकडे वर्षाकाठी चलने साचतात. त्यांतील काही लोकन्यायालयात तडजोडीने कमी रकमेवर मिटतात, मालक ती धंद्याच्या खर्चात घालतो, आणि दहांपैकी नेमका कोणता चालक प्रत्येक खेपेस वेग मोडीत होता हे कोणासच ठाऊक होत नाही. गाडी कोण हाकत होता ते सांगणे मालकावर १३३ व्या कलमाने बंधनकारक आहे. ते विचारणारा पाहिजे. इंग्लंडात हीच गोष्ट कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. तेथे प्रत्येक अपराधागणिक चालकाच्या परवान्यावर गुण चढतात. तीन वर्षांत बारा गुण झाले की न्यायालय साधारणपणे किमान सहा महिने त्यास गाडीपासून दूर ठेवते. कॅमेऱ्याने टिपलेल्या गाडीच्या मालकास चालकाचे नाव कळवावेच लागते, न कळविल्यास तो स्वतः अपराधी. दंडाची रक्कम तेथेही काही डोंगराएवढी नसते. चालक भितो तो गुणांच्या बेरजेस.

वरिष्ठ न्यायालयांनी या सौम्यपणाकडे दुर्लक्ष केले आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. हरियाणातील एका बसचालकाने सायकलस्वारास ठार केले, त्या दलबीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली असे ठरविले की, हयगयीने गाडी हाकून मृत्यू घडविणारास चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडून देण्याची सवलत देऊ नये. वांद्र्याच्या कार्टर रस्त्यावर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर निजलेल्या मजुरांवर मोटार गेली व सात जण मेले. हे रस्त्याच्याच कामावर आलेले मजूर होते. सत्र न्यायालयाने सहा महिने कैद व पाच लाख दंड दिला. उच्च न्यायालयाने गुन्हा अधिक गंभीर कलमाखाली आणून तीन वर्षे दिली, आणि २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पंजाबातील सौरभ बक्षी खटल्यात दोन माणसे मेली होती. उच्च न्यायालयाने भरपाई दिली म्हणून भोगलेल्या चोवीस दिवसांवर शिक्षा आणून ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ती सहा महिन्यांवर नेली, आणि या अपराधाच्या शिक्षेचा कायदेमंडळाने फेरविचार करावा, असेही सुचविले. चोवीस दिवस म्हणजे लावलेले आवणही नीट मूळ धरीत नाही, एवढा काळ.

आता दुसरी बाजू. चालकास फासावर द्या, अशी ओरड करणारांत आम्ही नाही. मालमोटार हाकणारा मनुष्य बहुधा आपल्याच सारख्या शेतकऱ्याचा मुलगा असतो; दोन एकरांत भागेना म्हणून चाकावर गेलेला. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ सालचा. त्यात दिवसास आठ तास व आठवड्यास अठ्ठेचाळीस तास काम सांगितले होते. रात्रभर जागून बंदरातून माल उचलून सकाळी कारखान्याच्या दारात उभ्या राहिलेल्या चालकास हा कायदा वाचून दाखविला असता तर तो हसला असता. मालकाने सोळा तास राबवावयाचे आणि डुलकी लागून माणूस मेला की तुरुंग चालकाने भोगावयाचा, हाही न्याय नव्हे. नव्या संहितेत अपघात करून पळणारास दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे १०६ व्या कलमाचे दुसरे पोटकलम घातले गेले, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी देशभर चाके थांबविली, पेट्रोलच्या पंपांवर रांगा लागल्या, आणि इतर संहिता अमलात आली त्या दिवशी ते पोटकलम बाजूस ठेवावे लागले. जबर शिक्षा कागदावर लिहिणे सोपे असते. ती लिहिली की तिला विरोध होतो, आणि विरोधाच्या गडबडीत लहान पण हमखास होणारी शिक्षा विसरली जाते. आमचे मत असे की, तुरुंगाची वर्षे वाढविण्यापेक्षा दुसऱ्या अपराधास परवाना निश्चितपणे काढून घ्यावा. पोट भरण्याचे साधन जाते म्हणून ही शिक्षा कठोर वाटेल. पण ज्याच्या हातून दोनदा हे घडले त्याने पोट दुसऱ्या साधनाने भरावे; नांगराने कोणी मरत नाही.

आता थोडे आपल्या अंगणातही झाडू फिरविला पाहिजे. खटला सुटतो तो पुष्कळदा गावातच सुटतो. अपघातानंतर चार दिवसांनी मालकाचा मनुष्य येतो, देवळात बैठक बसते, मयताच्या घरी काही रक्कम पोचते, आणि ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले ते साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहून आपण पाठमोरे होतो असे सांगतात. मृत्यूचा हा गुन्हा आपसांत मिटविण्याची कायद्यात मुभा नाही, हे वाचकांनी पक्के ध्यानी ठेवावे. विधवेस रक्कम मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. ती मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातून, विम्याच्या कंपनीकडून, हक्काने मिळवावी. त्यासाठी साक्ष फिरविण्याचे कारण नाही. साक्ष फिरली की चालक निर्दोष सुटतो, आणि पुढच्या गावी त्याच्या हातून जो मनुष्य मरेल त्याच्या खटल्यात हा पहिलटकरच ठरतो.

दुसरे, आपले ट्रॅक्टर. सोळा वर्षांचा मुलगा ट्रॅक्टर चालवितो हे बापास भूषण वाटते. २०१९ च्या दुरुस्तीने घातलेल्या १९९-अ कलमाप्रमाणे अल्पवयीनाच्या हातून गुन्हा घडल्यास पालक किंवा मालक यास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड आहे, आणि वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते. पेंढ्याने भरलेली, मागे दिवा ना चकाकती पट्टी अशी ट्रॉली तिन्हीसांजेस महामार्गावर उभी करणारा शेतकरीही त्याच रस्त्यावरील बेदरकारांत मोडतो.

पंचनाम्याविषयी दोन शब्द, कारण आमचा हात तेथे चालतो. अपघाताच्या पंचनाम्यात “वाहन अंदाजे भरधाव वेगात होते” असे वाक्य हटकून असते. अंदाजे भरधाव म्हणजे काय, ते लिहिणारासच ठाऊक! सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कर्नाटकातील एका खटल्यात स्पष्ट केले आहे की, नुसता भरधाव वेग म्हटल्याने हयगय सिद्ध होत नाही. म्हणून ज्यांस पंच म्हणून बोलावले जाते त्यांनी जमिनीची मोजणी असावी तशी जागा मोजवून घ्यावी. चाकांच्या घसटीची लांबी किती, रस्त्याच्या मध्यापासून प्रेत किंवा जनावर किती अंतरावर, जवळचा किलोमीटरचा दगड कोणता, गतिरोधक किंवा फाट्याची पाटी किती पावलांवर, उजेड कोणता होता. हे आकड्यांत लिहिले गेले की नाही ते सही करण्यापूर्वी वाचावे. कोऱ्या कागदावर सही करू नये. जखमीस रुग्णालयात पोचविणारास पोलिसांनी त्रास देऊ नये, त्याच्यावर दायित्व येऊ नये, असा नियम आता १३४-अ कलमाने कायद्यातच आहे. तेव्हा लचांड मागे लागेल या भीतीने रक्त वाहणाऱ्या माणसापासून दूर उभे राहण्यास आता निमित्त उरले नाही.

ज्याच्या घरी असा प्रसंग आला असेल त्याने मागील गुन्ह्याच्या नोंदीसाठी काय करावे? तपास चालू असतानाच ठाण्यात लेखी अर्ज द्यावा की, आरोपीच्या परवान्याचा क्रमांक घेऊन त्याजवरील पूर्वीचे गुन्हे, शिक्षा व परवान्यावरील कारवाई यांचा शोध घेऊन ते दोषारोपपत्रास जोडावे. परवान्यांची ‘सारथी’ ही नोंदवही व पोलिसांच्या गुन्ह्यांच्या नोंदी दोन्ही आता संगणकावर आहेत; तेव्हा शोधावयास पूर्वीसारखे दहा ठाण्यांत घोडे दामटावयाचे नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे तपासाची प्रगती पीडितास नव्वद दिवसांत कळविणे पोलिसांचे कर्तव्य आहे. कळविले नाही तर विचारावे. तसाच अर्ज सरकारी अभियोक्त्यास द्यावा, आणि दोष सिद्ध झाल्यास २० व्या कलमाखाली अपात्रतेचा हुकूम मागावा, असे त्यात लिहावे. शिक्षा कमी झाली एवढ्याच कारणाने पीडितास स्वतः अपील करता येत नाही. तो अधिकार शासनाचा आहे. म्हणून निकालाची नक्कल मिळताच अपिलासाठी शासनाकडे अर्ज करावा, मुदतीची वाट पाहू नये. आपल्या संस्थेनेही कासूपुरती एक साधी वही ठेवावी: तारीख, जागा, गाडीचा क्रमांक, ठाण्याचा गुन्हा क्रमांक, न्यायालयाचा खटला क्रमांक, निकाल. पाच वर्षांत ती वही बोलू लागेल.

भरपाईच्या दाव्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे; ती पाळणेच हिताचे. बैल किंवा म्हैस मेली तरी मालमत्तेच्या नुकसानीचा दावा होतो, परंतु पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचे शवविच्छेदन व जागेचा पंचनामा करून घेतल्याशिवाय जनावर पुरू नये.

गाडी पळून गेली आणि ठाव लागला नाही, तर पुष्कळ लोक नशिबास दोष देऊन बसतात. अशा प्रसंगी केंद्र सरकारच्या २०२२ सालच्या योजनेप्रमाणे मयताच्या वारसांस दोन लाख व गंभीर जखमीस पन्नास हजार रुपये मिळतात. पूर्वी ही रक्कम अनुक्रमे पंचवीस हजार व साडेबारा हजार होती. आमच्या नोकरीच्या काळात या सदरात आलेले अर्ज बोटांवर मोजण्याइतके होते, आणि जे आले त्यांतही वारसाचा दाखला नाही, गुन्ह्याची नक्कल नाही, अशा उणिवा असत. पन्नास कोसांवर कोर्टात जावयाचे नाही. अर्ज आपल्याच प्रांताधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करावयाचा असतो. त्यांनी महिन्याभरात चौकशीचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावयाचा, व तेथे पंधरा दिवसांत निर्णय व्हावयाचा, असा नियम आहे. सोबत गुन्ह्याच्या खबरीची नक्कल, शवविच्छेदनाचा अहवाल किंवा जखमेचा दाखला, वारसांची ओळख व बँकेच्या पुस्तकाची नक्कल जोडावी. अर्ज दोन प्रतींत न्यावा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नये.